रक्तासारखा चंद्र, कडूदवण्याचा तारा : प्रतीकात्मक भविष्यवाणी वाचताना विज्ञान कुठे वापरावं

खग्रास चंद्रग्रहण जवळ आलं की बायबलमधल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातली, दुसऱ्या अध्यायातली एकतिसावी ओवी मोबाइलवर फिरायला लागते. सूर्य अंधारमय होईल, चंद्र रक्तमय होईल, आणि मग परमेश्वराचा भयंकर दिवस येईल. सोबत लालसर चंद्राचा फोटो असतो आणि खाली 'विज्ञानानेही मान्य केले' अशी ओळ. विज्ञानाने नेमकं काय मान्य केलं, ते मात्र कोणी लिहीत नाही.

याला वैतागून काही जण दुसरं टोक गाठतात. पवित्र शास्त्र वेगळं, विज्ञान वेगळं, दोन्ही एका पंक्तीला बसवूच नका, असं म्हणून ते मोकळे होतात. मला तेही पटत नाही. ज्यांनी ही दर्शनं लिहिली, त्यांच्या जगात ग्रहणं, टोळधाडी, भूकंप आणि धुळीची वादळं होती. त्यांची चित्रं निसर्गातूनच आली आहेत, आणि त्या निसर्गाबद्दल आज आपल्याला बरंच जास्त ठाऊक आहे. ते ज्ञान बाजूला का ठेवायचं? फक्त ते कुठल्या टप्प्यावर काढायचं, हे कळायला हवं.

माझ्या मते विज्ञान इथे दोन कामं चोख करतं. एखादं चित्र निसर्गातल्या कशावरून सुचलं असेल ते दाखवतं, आणि 'हे अमुक दिवशी पूर्ण झालं' असा दावा कोणी केला तर तो तपासतं. चित्राचा अर्थ सांगणं हे त्याचं काम नाही. तो अर्थ बहुतेक वेळा बायबलच्याच जुन्या पानांत असतो. म्हणून सगळा खेळ क्रमाचा आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, आणि सरावासाठी एकच उतारा शेवटपर्यंत हातात ठेवू: बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, अध्याय ६, ओव्या १२ ते १७. सहावा शिक्का, म्हणजे सात शिक्के मारलेल्या गुंडाळीचा सहावा शिक्का फोडल्यावर दिसलेलं दृश्य.

सुरुवातीची तयारी

संदर्भवचनं छापलेलं बायबल घ्या, म्हणजे प्रत्येक ओवीशेजारी 'पाहा यश. १३:१०' असे बारीक टाइपातले निर्देश असलेलं. दोन भाषांतरं असतील तर उत्तम. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर ते शेजारी ठेवा. एक वही हवी. आकाशाबद्दलचे दावे तपासायला स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं: तारीख आणि गाव टाकलं की त्या रात्रीचं आकाश समोर येतं, दोन हजार वर्षांपूर्वीचंसुद्धा. ग्रहणांच्या याद्या नासाच्या संकेतस्थळावर आहेत आणि भूकंपांच्या नोंदी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या. एवढ्यावर काम भागतं.

पायरी १ : उताऱ्यात जेवढं आहे तेवढंच उतरवा

वहीत आपला अर्थ न मिसळता यादी करा. मोठा भूकंप होतो. सूर्य केसांच्या तरटासारखा काळा होतो. चंद्र रक्तासारखा होतो. मोठ्या वाऱ्याने अंजिराच्या झाडाची कच्ची फळं गळावीत तसे तारे पृथ्वीवर पडतात. गुंडाळीसारखं आकाश गुंडाळलं जातं. प्रत्येक डोंगर आणि बेट आपल्या जागेवरून हलतं.

आता 'सारखा', 'जसा', 'तसा' या शब्दांखाली रेघ ओढा. चार ओळींत किती निघतात पाहा. लेखक स्वतःच सांगतोय की तो उपमा देतो आहे.

इथेच बहुतेक जण थांबतात, कारण फिरणाऱ्या संदेशांत ओव्या इथपर्यंतच कापलेल्या असतात. पुढची पंधरावी ओवी वाचा. राजे, सरदार, श्रीमंत, दास, सगळे डोंगरांतल्या गुहांत आणि खडकांत लपतात. पण चौदाव्या ओवीत प्रत्येक डोंगर जागचा हलला होता ना? तारे पृथ्वीवर पडले, आकाश गुंडाळलं गेलं, आणि तरीही लपायला गुहा शिल्लक आहेत. वृत्तान्त म्हणून वाचलं तर लेखकाला दोन ओळींपूर्वीचंही आठवत नाही असं म्हणावं लागेल. चित्र म्हणून वाचलं तर काहीच अडत नाही. हा निष्कर्ष काढायला विज्ञान लागलं नाही, पुढची ओवी लागली.

पायरी २ : पुस्तक स्वतः किल्ली देतं का, ते शोधा

प्रतीकांची पुस्तकं वाटतात तितकी बंदिस्त नाहीत. प्रकटीकरण १:२० मध्ये सात तारे म्हणजे सात मंडळ्यांचे (स्थानिक ख्रिस्ती समाजांचे) दूत आणि सात समया म्हणजे सात मंडळ्या, असं सरळ सांगितलं आहे. सतराव्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर, दहा शिंगं म्हणजे दहा राजे, आणि पाणी म्हणजे लोकसमुदाय. दानीएलाच्या आठव्या अध्यायातला दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, केसाळ बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. गब्रीएल देवदूत स्वतः नाव घेऊन सांगतो.

जिथे पुस्तकाने अर्थ दिला, तिथे आपण दुसरा लावायचा नाही. हा नियम पाळला तरी निम्मे तर्क गळून पडतात. यहेज्केल संदेष्ट्याने दर्शनात पाहिलेली चाकं घ्या. १९७० च्या दशकात नासात काम केलेले अभियंते जोसेफ ब्लुमरिख यांनी पहिल्या अध्यायातल्या वर्णनावरून अवकाशयानाची रचनाच मांडली. मेहनत मोठी होती, पण त्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात यहेज्केल म्हणतो की खबार नदीपाशी पाहिलेले ते प्राणी करूब होते, हे मला कळलं. करूब म्हणजे यरुशलेमच्या मंदिरात कराराच्या कोशावर पंख पसरलेले स्वर्गीय प्राणी. मंदिरापासून दूर, बाबेलच्या बंदिवासात असलेल्या माणसाला देवाचं सिंहासन चाकांवर दिसतं, याचा अर्थ लागायला रॉकेटचं इंजिन लागत नाही.

सहाव्या शिक्क्याला मात्र अशी थेट किल्ली दिलेली नाही. म्हणून पुढची पायरी.

पायरी ३ : जुन्या करारातली मुळं खणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. प्रकटीकरणाच्या सुमारे चारशे ओव्यांत जुन्या कराराचे शेकडो पडसाद आहेत. प्रकटीकरणाचा लेखक योहान 'असं लिहिलं आहे' म्हणत नाही. त्याच्या वाचकांना ते ऐकताच ओळखू येत असे. आपल्याला येत नाही, म्हणून संदर्भवचनं.

सहाव्या शिक्क्यातल्या आकाशाचा माग काढला की तीन जागा सापडतात. यशया १३:१० मध्ये तारे प्रकाश देत नाहीत, सूर्य उगवताच काळवंडतो, चंद्र उजळत नाही. त्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत विषय दिला आहे: बाबेलविषयीची देववाणी. बाबेल इ.स.पू. ५३९ मध्ये पारसी राजा कोरेश (सायरस) याच्या हाती गेली. सूर्य दुसऱ्या दिवशी उगवला. यशया ३४:४ मध्ये आकाश गुंडाळीसारखं गुंडाळलं जातं आणि आकाशातली सेना अंजिराच्या पानांसारखी गळते. पुढचीच ओवी सांगते की तलवार अदोम या राष्ट्रावर उतरली आहे. यहेज्केल ३२:७-८ मध्ये आकाश झाकलं जातं, तारे काळवंडतात, सूर्यावर ढग येतो. तिथे बोलणं मिसरच्या फारोशी चाललंय.

तीनही ठिकाणी आकाश कोसळतं ते कुठलीतरी सत्ता कोसळताना. संदेष्ट्यांची ही ठरलेली भाषा होती. ज्या राजाला आपलं सिंहासन सूर्यचंद्राइतकं टिकाऊ वाटतं, त्याच्या डोक्यावरचं आकाशच काढून घेतलं जातं. आता प्रकटीकरण ६:१५ पुन्हा वाचा. गुहेकडे धावणाऱ्यांत पहिले कोण आहेत? पृथ्वीवरचे राजे.

यातून एवढंच म्हणता येतं की उताऱ्याचा गाभा सत्तांचा न्याय हा आहे. शेवटच्या दिवशी आकाशात प्रत्यक्ष काही घडणारच नाही, असं मी म्हणत नाही. तसं मानणारे श्रद्धावान अभ्यासक आहेत, आणि त्यांचं मत खोडून काढण्याचं साधन या पायरीपाशी नाही. पण अमुक तारखेचं ग्रहण म्हणजेच हा शिक्का, असं म्हणणाऱ्याला यशया १३ चं उत्तर द्यावं लागेल.

पायरी ४ : पहिल्या वाचकाच्या शेजारी बसा

प्रकटीकरण बहुतेक अभ्यासक इ.स. ९५ च्या सुमारास, रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात ठेवतात. काही जण इ.स. ७० च्या आधी. वाचक होते आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सात शहरांतले: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. या लोकांना भूकंप नवा नव्हता. इ.स. १७ च्या भूकंपात सार्दीस आणि फिलदेल्फिया उद्ध्वस्त झाली. इ.स. ६० मध्ये लावदिकीया कोसळली आणि रोमची मदत न घेता पुन्हा उभी राहिली, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. त्याच मंडळीला प्रकटीकरण ३:१७ मध्ये 'मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही' असं म्हणणारी म्हटलंय. टोमणा नेमका लागला असणार.

विज्ञान प्रतीकावर खरा उजेड कसा पाडतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण याच गावचं आहे. 'तू उष्ण नाहीस आणि शीतही नाहीस, कोमट आहेस' हे लावदिकीयाला का सांगितलं? जवळच हिरापली होतं, आजचं पामुक्कले. तिथले गरम झरे चुन्याने भरलेले आहेत. पाणी हवेत आलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरेशुभ्र थर साचतात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, थंड पाण्याचं गाव. लावदिकीयाला पाणी नळांनी आणावं लागे, आणि तिथल्या अवशेषांतले नळ आजही चुन्याने बुजलेले दिसतात. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की गरम पाणी अंग शेकायला, थंड पाणी तहान भागवायला, आणि कोमट क्षारयुक्त पाणी ओकून टाकायला. तसं असेल तर 'उष्ण' म्हणजे भक्त आणि 'शीत' म्हणजे नास्तिक हा प्रवचनांतून ऐकलेला अर्थ टिकत नाही; दोन्ही चांगलेच ठरतात. इथे भूविज्ञानाने भविष्य सिद्ध केलं नाही. एक उपमा समजावून दिली, आणि उपदेशाचा रोख बदलला.

पायरी ५ : आता विज्ञान

इतकं झाल्यावर दुर्बीण बाहेर काढा. तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: हे चित्र निसर्गातल्या कशासारखं आहे? योएलच्या 'चंद्र रक्त' ओवीला सगळे चंद्रग्रहण म्हणतात. पण सूर्य आणि चंद्र एकाच वेळी ग्रासले जात नाहीत. सूर्यग्रहण अमावास्येला, चंद्रग्रहण पौर्णिमेला. आपल्याकडे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. योएल दोन्ही एका दमात सांगतो. मग त्याच्या आधीची, तिसावी ओवी पाहा: रक्त, अग्नी आणि धुराचे स्तंभ. धूर किंवा धूळ दाट झाली की निळा प्रकाश विखुरतो, तांबडा तेवढा आरपार येतो; दिवसा सूर्य काळवंडतो आणि रात्री चंद्र लाल दिसतो. जळणाऱ्या शहराचं आकाश असंच दिसतं. खग्रास ग्रहणात चंद्र लाल होतो तोही पृथ्वीच्या वातावरणातून गाळून आलेल्या तांबड्या प्रकाशामुळेच, पण योएलच्या वर्णनाला धूर जास्त जुळतो. शिवाय येशूचा शिष्य पेत्र याने पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्ट) ही ओवी उच्चारली ती 'हे आता घडतंय' असं म्हणून. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २. त्या दिवसाच्या वर्णनात ग्रहणाचा उल्लेखही नाही.

दुसरा प्रश्न: शब्दशः घेतलं तर काय होईल? आपल्याला सर्वांत जवळचा तारा सूर्य, आणि त्याच्या पोटात सुमारे तेरा लाख पृथ्व्या मावतील. एक तारा जरी 'पडला' तरी कुठल्या राजाला गुहा सापडणार नाही. तारे म्हणजे उल्का घ्या, असं कोणी म्हणेल. घ्या, हरकत नाही. पण मग आपण शब्दशः वाचन सोडलं हे कबूल करा, आणि 'सूर्य' शब्दशःच असा हट्ट धरू नका.

तिसरा प्रश्न: 'हे पूर्ण झालं' हा दावा तपासाला टिकतो का? याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनचा प्रचंड भूकंप झाला. १९ मे १७८० ला न्यू इंग्लंडमध्ये भरदुपारी इतका काळोख झाला की लोकांनी मेणबत्त्या लावल्या. त्या रात्री चंद्र लाल दिसल्याच्या नोंदी आहेत. १३ नोव्हेंबर १८३३ ला पहाटे उत्तर अमेरिकेवर तासाला हजारोंच्या संख्येने उल्का बरसल्या. भूकंप, काळा सूर्य, लाल चंद्र, गळणारे तारे: अगदी सहाव्या शिक्क्याच्या क्रमाने. त्या काळच्या माणसाला काय वाटलं असेल, याची कल्पना करा. हसण्यासारखं त्यात काही नाही.

आता एकेक तपासा. १७८० चा अंधार जंगलाच्या वणव्यांचा होता. कॅनडात ओंटारियोमधल्या झाडांच्या वाढीच्या कड्यांत त्या काळातल्या आगीचे व्रण सापडले आहेत. अंधार न्यू इंग्लंड आणि आसपासपुरता होता. तिथे भरदुपार होती तेव्हा पुण्यात रात्र होती, त्यामुळे पेशवाईत कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. १८३३ च्या उल्का सिंह राशीच्या दिशेतून आलेल्या. येल विद्यापीठाच्या डेनिसन ओल्मस्टेड यांनी लोकांकडून नोंदी मागवल्या आणि उल्कांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून मार्गी लागला. त्यांचा उगम टेंपल-टटल हा धूमकेतू, सुमारे ३३ वर्षांनी सूर्याजवळ येणारा. म्हणून तसाच वर्षाव १७९९ मध्ये झाला होता, १८६६ मध्ये झाला, १९६६ मध्येही झाला. मग शिक्का कुठल्या वर्षीचा? आणि योहान एका श्वासात सांगतो त्या घटनांमध्ये ७८ वर्षांचं अंतर कसं?

याच वातावरणात अमेरिकी उपदेशक विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि येशूच्या पुनरागमनासाठी १८४३ च्या आसपासचा काळ सांगितला. पुढे अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. तो दिवस उजाडला आणि मावळला. इतिहासात त्याला 'मोठी निराशा' म्हणतात. गणितात चूक नव्हती. दिवस म्हणजे वर्ष हे गृहीतक दानीएलाच्या त्या अध्यायात दिलेलंच नाही. ते गणना १४ आणि यहेज्केल ४ मधून आणलेलं आहे. आकडेमोड बिनचूक असली की गृहीतकाकडे लक्ष जात नाही, हे इंजिनिअर मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावं.

आयझॅक न्यूटननेही आयुष्यभर दानीएल आणि प्रकटीकरणाचा अभ्यास केला. त्याचं त्यावरचं लेखन मृत्यूनंतर, १७३३ मध्ये छापलं गेलं, आणि त्यात तो बजावतो की देवाने भविष्यवाणी दिली ती लोकांची पुढचं जाणून घेण्याची हौस भागवायला नव्हे. त्याच्या हस्तलिखितांत २०६० हा आकडा सापडतो हेही खरं. पण जगाचा शेवट त्याआधी होणार नाही, असा त्याचा रोख होता. दर थोड्या काळाने तारखा जाहीर करणाऱ्यांवर तो वैतागला होता. फिरणाऱ्या संदेशांत आकडा येतो, वैताग येत नाही.

पायरी ६ : योगायोग किती दुर्मीळ, ते मोजा

२०१४ आणि २०१५ मध्ये लागोपाठ चार खग्रास चंद्रग्रहणं झाली, आणि ती चारही वल्हांडण व मंडपांचा सण या यहुदी सणांना आली. यावर जगभर रान उठलं. मोजून पाहू. हे दोन्ही सण चांद्र महिन्याच्या मध्यावर, म्हणजे पौर्णिमेला येतात. चंद्रग्रहणही पौर्णिमेलाच होतं. दोन्ही सणांत साधारण सहा महिन्यांचं अंतर, आणि ग्रहणांचे हंगामही जवळपास सहा महिन्यांनी येतात. जुळणी होणार नाही तर काय? अशी खग्रास चौकडी एकविसाव्या शतकात आठ वेळा आहे. स्टेलॅरियममध्ये गाव यरुशलेम टाका आणि १५ एप्रिल २०१४, ८ ऑक्टोबर २०१४, ४ एप्रिल २०१५ या तारखा पाहा: तीनही ग्रहणं तिथून दिसलीच नाहीत.

२३ सप्टेंबर २०१७ चंही तसंच. प्रकटीकरण १२ मधली सूर्य पांघरलेली, पायांखाली चंद्र आणि डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट असलेली स्त्री म्हणजे कन्या रास, असा दावा होता. सूर्य दर सप्टेंबरात कन्येत येतो, चंद्र दर महिन्याला तिथून जातो, गुरू (दाव्यात तो तिच्या पोटातलं बाळ) साधारण बारा वर्षांनी. मुकुटासाठी सिंह राशीतले नऊ तारे आणि तीन ग्रह धरले. पण सिंह राशीत तारे नऊच कुठे आहेत? निवडून नऊ घेतले. तशीच मांडणी १०५६, १२९३, १४८३ आणि १८२७ मध्येही झाली होती. आणि पायरी ३ चा प्रश्न राहतोच: उत्पत्ती ३७ मध्ये योसेफाच्या स्वप्नात सूर्य, चंद्र आणि अकरा तारे आहेत, आणि त्याचा बाप लगेच ओळखतो की हे आपलंच घर. बारावा योसेफ. ती स्त्री कोण, ते तिथून शोधा.

पायरी ७ : आता स्वतः करून पाहा

कडूदवणा, प्रकटीकरण ८:१०-११. कडू वनस्पतीचं नाव असलेला हा तारा आकाशातून पडतो आणि नद्यांचं पाणी कडू होतं. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेशी हा तारा जोडतात, कारण त्या गावाचं नाव दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचं आहे. पण ते गाव बाराव्या शतकापासून नोंदलेलं आहे, अणुभट्टी आकाशातून पडली नाही, आणि मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः दुधातून गेलेल्या किरणोत्सारी आयोडीनमुळे, नदीच्या कडू पाण्याने नव्हे. उलट यिर्मया ९:१५ मध्ये देव बेइमान लोकांना कडूदवणा खायला आणि विषारी पाणी प्यायला देतो. आमोस ५:७ मध्ये लोक न्यायाचाच कडूदवणा करतात. आणि यशया १४ मध्ये आकाशातून पडणारा तारा बाबेलचा राजा आहे. हे तीन धागे एकत्र धरले की बरंच काही दिसतं.

टोळ, अध्याय ९. हेलिकॉप्टर म्हणणाऱ्यांची कमी नाही: लोखंडी उरस्त्राण, पंखांचा रथांसारखा आवाज. योएल १:६ आणि २:४-५ उघडा, सिंहाचे दात, घोड्यांसारखं रूप, रथांचा आवाज, सगळं तिथे आहे, आणि योएल खऱ्या टोळधाडीबद्दल बोलत होता. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असतात आणि तो दिवसाला सुमारे पस्तीस हजार माणसांइतकं खातो, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी धाड पाहिली आहे. त्यांना 'रथांचा आवाज' समजावून सांगावा लागणार नाही. प्रकटीकरणात टोळांना पाच महिने दिलेत. वाळवंटी टोळाचं आयुष्य साधारण तीन ते पाच महिन्यांचं. इथपर्यंत जीवशास्त्र साथ देतं. मग चौथी ओवी येते: या टोळांनी गवताला आणि झाडाला हात लावायचा नाही. खरा टोळ दुसरं करतो काय? म्हणजे लेखक ओळखीचं चित्र घेऊन मुद्दाम उलटवतो आहे. या धक्क्यातच अर्थ आहे, आणि हेलिकॉप्टर आणलं की धक्का नाहीसा होतो.

फरात नदी, १६:१२. ती आटते आहे हे खरं आहे. २००३ ते २००९ या काळात तैग्रिस-फरात खोऱ्याने सुमारे १४४ घन किलोमीटर गोडं पाणी गमावलं, असं गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांवरून काढलं गेलं. (१४४ हा आकडा पाहून कोणाला तरी प्रकटीकरण ७ मधले एक लक्ष चव्वेचाळीस हजार आठवतीलच.) कारणं उघड आहेत: दुष्काळ, भूजलाचा उपसा, तुर्कस्तान-सीरियातली धरणं. संदर्भवचनं मात्र यिर्मया ५०:३८ आणि यशया ४४:२७-२८ कडे नेतात, जिथे पाणी आटतं आणि पूर्वेकडून कोरेश येतो. पाण्याच्या संकटावर बोलायचंच असेल तर ते संकट म्हणून बोला. त्यासाठी शेवटच्या दिवसाची वाट पाहायला नको.

६६६ वर, म्हणजे प्रकटीकरण १३:१८ मधल्या श्वापदाच्या आकड्यावर, थोडक्यात. हिब्रूत अक्षरांना अंकांची किंमत असते. 'नेरोन कैसर' (रोमन सम्राट नीरो) लिहून बेरीज करा: ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. सहाशे सहासष्ट. 'नेरोन'मधला शेवटचा नून ('न' हे अक्षर) गाळून 'नेरो' लिहिलं तर पन्नास कमी होऊन ६१६. आणि इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका प्राचीन पपायरसवर नेमका ६१६ हाच आकडा आहे. दोन्ही पाठांना एकच नाव लागू पडतं, हे या अर्थाचं बळ. बारकोड, लस, चिप, आधार यांच्या दाव्यांना हा दुहेरी निकष लावून पाहा.

पायरी ८ : निष्कर्ष लिहिताना रकाने पाडा

वहीच्या पानावर तीन रकाने करा. पहिल्यात उताऱ्यात उघड लिहिलेलं. दुसऱ्यात जुना करार आणि पहिल्या वाचकाचा काळ यांवरून बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येणारं. तिसऱ्यात तुमचा अंदाज. दुसऱ्याला सांगताना रकाना सांगूनच सांगा. बायबल अभ्यासाच्या गटात ही एक सवय लागली तरी अर्ध्या चकमकी थांबतात. मंडळीतल्या पाळकांना किंवा फादरांना तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टी आधी दाखवाव्यात, नंतर गटात मांडाव्यात.

घरच्या गटावर काकांनी लाल चंद्र पाठवला तर 'खोटं आहे' एवढंच टाकू नका. 'काका, याच्या आधीची ओवी पाहिलीत का, धुराच्या स्तंभांची?' असं विचारा. 'तो दिवस कोणालाच ठाऊक नाही' हे मत्तय २४:३६ लगेच तोंडावर फेकू नका. ती ओवी त्यांनाही पाठ असते.

सरावासाठी दोन तारखा आत्ताच लिहून ठेवा. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि ते भारतातून दिसेल. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १३ एप्रिल २०२९ ला, शुक्रवारी, सुमारे साडेतीनशे मीटरचा अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाईल, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. २००४ मध्ये सापडला तेव्हा २०२९ मध्ये तो आदळण्याची शक्यता काही दिवस २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. निरीक्षणं वाढली तशी ती शून्यावर आली, आणि २०२१ मध्ये रडारच्या मोजणीनंतर नासाने पुढची किमान शंभर वर्षं धोका नसल्याचं सांगितलं. आधी रक्तासारखा चंद्र, मग पडू पाहणारा तारा: दोन्ही मिळून एकच संदेश कोणीतरी तयार करणारच. त्याच्या आधी योएल २:३०-३१ आणि प्रकटीकरण ८:१०-११ या दोन उताऱ्यांची दोन पानं आखा, तीन रकाने भरा, आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहिलंत त्यावर तारीख टाकून ठेवा.